लीव्ह अँड लायसन्सवरची संस्कृती

मुंबईच्या उपनगरांत जागा धरण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक तिथे वाढलेल्या कुणालाही वेगळा शिकवावा लागत नाही: पागडीची खोली, ओनरशिपचा ब्लॉक आणि लीव्ह अँड लायसन्सची, अकरा-अकरा महिन्यांच्या कराराची जागा. तिसऱ्या प्रकारात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नसतो. १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ प्रमाणे परवाना म्हणजे केवळ वापराची मुभा. तिच्यातून त्या मालमत्तेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या मराठी मध्यमवर्गाने ह्या तिसऱ्या प्रकारातून सुटण्यासाठी दोन-दोन पिढ्यांची मिळकत खर्ची घातली. त्याच वर्गाने आपले चित्रपट, आपली नाटके आणि आपली गाणी मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत स्वखुशीने लीव्ह अँड लायसन्सवर नेऊन ठेवली, आणि ह्या व्यवहाराला तो सोय म्हणतो.

ह्या सोयीविरुद्ध मला भांडायचे आहे. स्वतःच्या मालकीच्या प्रती घरात राखून त्या घरातल्याच एका मध्यवर्ती संगणकावरून टीव्हीपर्यंत पोचवण्याची व्यवस्था साधारण २००७ च्या सुमारास आपल्या हाताशी आली होती. आपण तिला पोरांचा खेळ समजलो. प्रत्यक्षात ती एका लहानशा ग्रंथालयाची मांडणी होती. तिच्याकडे पाठ फिरवल्याची किंमत आज साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक चुकवीत आहेत. आणि ती पुन्हा उभी करण्याचे कामही त्यांच्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

ही व्यवस्था नेमकी काय, ते आधी सांगितले पाहिजे. घराच्या कोपऱ्यात एक जुना झालेला संगणक आणि त्यात मोठी हार्ड डिस्क. आपल्याजवळच्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि कॅसेटी एकदा त्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. संगणकावर एक प्रोग्रॅम सतत चालू ठेवायचा. त्याचे काम ग्रंथपालाचे, म्हणजे यादी राखणे आणि मागेल त्याला मागेल ते काढून देणे. हॉलमधल्या टीव्हीला जोडलेले गेम कन्सोल हा ह्या ग्रंथपालाचा वाचक. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये. दोन्ही यंत्रे घरच्या नेटवर्कवरून संगणकातला चित्रपट टीव्हीवर दाखवू शकत. प्लेस्टेशनला ही विद्या त्याच वर्षी एका सुधारणेतून मिळाली. दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखावे ह्यासाठीचा डीएलएनए नावाचा सामायिक नियम त्याआधीच तयार झालेला होता. कन्सोलला एखादी फाइल वाचता येत नसेल तर संगणक ती चालू असतानाच, क्षणाक्षणाला, कन्सोलला कळेल अशा रूपात बदलून पाठवी.

आकडेही पाहावेत. व्हीसीडीतले चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट लागतात. त्या काळच्या साध्यात साध्या वायफायलाही ते पेलत असे. अडीच तासांचा मराठी चित्रपट दीड जीबीच्या आसपास भरतो. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या एक टीबीच्या डिस्कवर असे सहाशेहून अधिक चित्रपट राहतात. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, जिथे पुस्तकांच्या कपाटाला जागा देताना घरात वाद होतात, तिथे हे लहानसहान सामर्थ्य नव्हे.

मध्यवर्ती यंत्रावरून घरोघर चित्र नेण्याची कल्पना उपनगरांना मुळीच नवी नव्हती. १९८० च्या दशकात केबलवाला नेमके हेच करीत होता. एखाद्या इमारतीच्या खोलीत त्याचा व्हीसीआर, गच्च्यांवरून झाडांवरून लोंबणाऱ्या वायरी, आणि रात्री सगळ्या वस्तीला एकच सिनेमा. त्यातले बरेचसे बेकायदा होते, हे वेगळे सांगायला नको. पण बेकायदेशीरपणाहून मोठा दोष असा होता की काय दाखवायचे ते त्याने ठरवायचे. १९९५ चा केबल कायदा आला, २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुढे मोबाइलवरची दालने आली. चित्र सुधारले, वायरी गेल्या, पण यंत्र कायम दुसऱ्याच्या खोलीत राहिले. ह्या चाळीस वर्षांत मधल्या यंत्राची किल्ली प्रेक्षकाच्या हाती आली ती एकदाच: संगणक बेडरूममध्ये आणि कन्सोल हॉलमध्ये, अशी जोडी जमली तेव्हा.

मग ती सोडली कशी? पहिले कारण आपल्यातच आहे. मराठी साहित्यव्यवहाराला साधनांविषयी एक सोवळेपणा आहे. पोथी कोणत्या कागदावर होती ह्याची चर्चा विद्वत्ता ठरते. नाटकाचे चित्रमुद्रण कोणत्या तबकडीवर होते ह्याची चर्चा दुकानदारी ठरते. त्यातून गेम कन्सोल म्हणजे तर अभ्यास बुडवणारे यंत्र. ज्या वस्तूवर पोरे बंदुका चालवतात तिच्यातून गीतरामायण ऐकावे हा विचारच आपल्याला विनोदी वाटला. जगात अन्यत्र काही हौशी प्रोग्रॅमरांना तो तसा वाटला नाही. २००२ च्या सुमारास त्यांनी पहिल्या एक्सबॉक्समध्ये फेरफार करून त्याचे चित्रपट-संगीत वाजवणारे यंत्र केले. आज ‘कोडी’ ह्या नावाने ओळखले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर त्याच उद्योगातून आले. एक्सबॉक्स मीडिया सेंटर हे त्याचे जुने नाव २०१४ पर्यंत चालू होते. खेळण्याच्या पोटी ग्रंथालय जन्मले ते असे.

दुसरे कारण कंपन्यांचे. आपण विकलेल्या यंत्राला दिलेली शक्ती परत काढून घेता येते, हा धडा त्यांनी ह्याच कन्सोलांवर गिरवला. प्लेस्टेशन ३ वर दुसरी संगणक-प्रणाली बसवण्याची मुभा विकताना दिलेली होती. एप्रिल २०१० मध्ये एका ‘सुधारणे’ने ती काढली गेली. २०१३ चे प्लेस्टेशन ४ घरच्या सर्व्हरवरून चित्रपट चालवण्याच्या सोयीविनाच बाजारात आले. ओरड झाल्यावर २०१५ मध्ये ती देण्यात आली, आणि पुढच्या प्लेस्टेशन ५ मध्ये पुन्हा वगळली गेली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० बरोबर, २०१५ मध्ये, आपले मीडिया सेंटर गुंडाळले. त्या जागी दोघांनीही आपापली चित्रपटांची दुकाने थाटली होती. सोनीने ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चित्रपट विकणे थांबवले, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये. सोनीकडून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनी ‘विकत घेतलेले’ स्टुडिओकॅनालचे चित्रपट २०२२ मध्ये त्यांच्या संग्रहातून काढून टाकण्यात आले. त्यांच्या विकत घेण्याचा अर्थ परवाना घेणे एवढाच होता. कॅलिफोर्निया राज्याला शेवटी २०२४ मध्ये कायदा करावा लागला, की जिथे परवानाच दिला जातो तिथे ‘खरेदी’ हा शब्द ग्राहकाला स्पष्ट कल्पना दिल्याशिवाय वापरू नये. शब्दांच्या अर्थाची ही राखण एका विधिमंडळाने केली. भाषेच्या विभागांना तिची खबरही नाही.

आपल्याकडे वेगळे चित्र नाही. वूटवरचा मजकूर २०२३ मध्ये जिओसिनेमात मुरला, जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टारशी एकरूप होऊन जिओहॉटस्टार झाला. प्रत्येक स्थलांतरात काय आले आणि काय मागे राहिले ह्याची यादी प्रेक्षकाला कोणी देत नाही. इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा सभासद निदान कार्पेट एरिया मोजून घेतात.

आता ह्याचा साहित्याशी संबंध काय, हा प्रश्न. तो विचारणाऱ्यांना मी पाठचिकित्सेची आठवण करून देतो. आपण ज्याला मराठी वाङ्मयाचा इतिहास म्हणतो तो बव्हंशी घराघरांतून राखलेल्या प्रतींवर उभा आहे. राजवाड्यांनी दप्तरे आणि बाडे शोधली ती वाड्यांच्या माळ्यांवर आणि लोकांच्या घरांत. लीळाचरित्राचे मूळ बाड नाहीसे झाल्याचे परंपरा सांगते. ते आज आपल्या हाती आहे ते अनुयायांच्या स्मरणातून आणि नकलांतून सिद्ध झालेल्या पाठांच्या रूपाने. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ चालली. ती शक्य झाली कारण देशभर विखुरलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या हस्तलिखित प्रती होत्या. प्रती अनेक मालकांच्या हाती असतील तरच पाठभेद दिसतो, आणि तरच पाठनिश्चिती संभवते. सगळ्या प्रती एकाच मालकाच्या यंत्रात असतील तर तो आज जे दाखवील तोच पाठ. कालचा पाठ नव्हताच.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’ ह्या मालिकेतली दृश्ये प्रदर्शनानंतर बदलण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट नेटफ्लिक्सवरून नाहीसा झाला. त्या कृती चांगल्या की वाईट, आक्षेप योग्य की अयोग्य, हा इथे प्रश्नच नाही. पुस्तकावर बंदी आली तरी विकल्या गेलेल्या प्रती उरतात, आणि दहा वर्षांनी एखादा संशोधक ती उघडून वादाचे मूळ तपासू शकतो. इथे पूर्वीचा पाठ वाचकाच्या हातून एका रात्रीत जातो.

मराठीच्या अभ्यासकाला तर हे अधिकच बोचले पाहिजे, कारण आपल्या वाङ्मयाचा मोठा हिस्सा ऐकण्या-पाहण्याचा आहे. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर प्रसारित झाले, छप्पन्न गीते. त्या प्रसारणात अनेक गायक-गायिकांचे आवाज होते. पुढे घरोघर पोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत सुधीर फडक्यांचा एकट्याचा. मग ‘गीतरामायण’ म्हणताना आपण कोणत्या संहितेविषयी बोलतो? किंवा ‘वस्त्रहरण’. गंगाराम गवाणकरांचे नाटक छापलेले आहे, पण मालवणीचा हेल आणि तात्या सरपंचाची बसल्या जागी घेतलेली फिरकी छापता येत नाही. मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले. त्यानंतरच्या विद्यार्थ्याला त्यांचा तात्या भेटणार तो मुद्रणातूनच. असे मुद्रण एखाद्या दालनात आहे की नाही, असले तर कोणत्या प्रयोगाचे, त्यातले काय कापले, हे विचारण्याची जागा त्या दालनात नसते.

बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्या कित्येक मुद्रणफिती पुसल्या वा नष्ट केल्या. ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही चित्ररूपात सापडलेले नाहीत. पण त्या साऱ्या भागांचा आवाज शिल्लक आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून तो टिपला होता. महामंडळाने जे टाकले ते हौशी पोरांनी राखले. आपल्याकडे २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या. एका ठिकाणी, एका कुलपाखाली ठेवलेला वारसा किती नाजूक असतो, हे सांगायला तेवढा एक दाखला पुरे.

आणि उपनगरांची परिस्थिती पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यांवरच्या घरांतून कॅसेटी, पुस्तके, अल्बम यांचा लगदा बाहेर काढावा लागला. एरवीही मुंबईची दमट हवा व्हिडिओटेपला बुरशी लावते. त्यातून जे वाचले ते पुनर्विकासाच्या वेळी भाड्याच्या जागेत नेताना रद्दीवाल्याकडे जाते. जानेवारी २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा सिनेमा पहिल्यांदाच सर्वसामान्य घराच्या मालकीचा झाला होता. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. नवी तबकडी येणार नाही, जुनी वाजवणारे यंत्र मिळणार नाही, आणि ज्या कृती तबकडीवर आल्या त्या साऱ्या दालनांत आल्याच आहेत असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. त्या आज उपनगरांतल्या लॉफ्टवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. आमच्या पिढीचे बाड ते हेच.

ह्यावर पहिला आक्षेप चोरीचा घेतला जाईल. घरी नक्कल करणे म्हणजे पायरसी, असे सभ्य लोक मानतात. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचेही कलम योगायोगाने ५२ च. संगणक-प्रोग्रॅम सोडून कोणत्याही कृतीचा खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधनासह, केलेला न्याय्य वापर त्यात उल्लंघन मानलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा आणली, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी तोडणाऱ्याला सूट ठेवली. स्वतः दाम मोजून घेतलेली तबकडी स्वतःच्या घरातल्या टीव्हीवर पाहण्यासाठी उतरवणे आणि तीच फाइल साऱ्या सोसायटीला वाटणे, ह्यांत स्पष्ट रेषा आहे. दुसऱ्या गोष्टीचे समर्थन मी करणार नाही. मराठी निर्मात्याच्या आणि नटाच्या पोटावर येणारी ती गोष्ट आहे. पण दुसरीच्या धाकाने पहिली सोडणे म्हणजे शेजारचा पुस्तके चोरतो म्हणून आपले कपाट जाळणे.

दुसरा आक्षेप, “आता सगळे यूट्यूबवर आहे.” अभ्यासक्रमाच्या कागदांवर हल्ली संदर्भग्रंथांच्या खाली दुवे दिलेले असतात. दुवा ही प्रत नव्हे. तो कोणी चढवला, कोणत्या मुद्रणावरून, किती कापून, हे ठाऊक नसते. हक्कमालकाची तक्रार आली की सत्राच्या मध्यावर तो मिटतो. ज्या अध्यापकाला ‘आवृत्ती कोणती?’ असे विद्यार्थ्याला दरडावून विचारण्याची सवय आहे, तोच अध्यापक नाटकाच्या बाबतीत आवृत्तीविना शिकवतो.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. डिस्क मरते. कन्सोल त्या काळीही सर्वांच्या ऐपतीतले नव्हते. एक्सबॉक्स ३६० ची किंमत वीस हजारांच्या आसपास सुरू होत होती. परंतु आज ह्या कामाला कन्सोलच हवे असे नाही. साध्या स्मार्ट टीव्हीलाही घरच्या सर्व्हरशी बोलता येते. जेलीफिनसारखे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते. २०१८ मध्ये ‘एम्बी’ने आपला प्रोग्रॅम बंदिस्त केला तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या पाठावरून काही जणांनी ते उभे केले. तिथेही प्रत लोकांच्या हाती होती म्हणूनच ते साधले. आणि डिस्क मरते तर दोन ठेवाव्यात, एक दुसऱ्या घरी. पोथीलाही वाळवी लागत असे. तिची दुसरी प्रत करण्याचे श्रम आपल्या पूर्वजांनी टाळले नाहीत.

तेव्हा मागणी साधी आहे. कॉपीराइट कायद्याच्या त्याच कलमाने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना एक स्वतंत्र मुभा दिली आहे: कृतीची डिजिटल नसलेली प्रत जवळ असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. कॅसेटी आणि व्हिडिओटेपा ह्या मुभेत बसतात. उपनगरांतल्या किती ग्रंथालयांनी तिचा उपयोग केला, हे त्यांच्या वार्षिक सभेत सभासदांनी विचारावे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी निदान एवढे करावे, की आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतल्या लॉफ्टवर काय आहे त्याची सूची करावी: कृती, निर्माता, मुद्रणाचे साल, कलावंत, प्रतीची अवस्था. सूचीला कोणाचा परवाना लागत नाही. आणि घरी ज्यांना जमेल त्यांनी आपल्या तबकड्या, त्या वाचणारी यंत्रे अजून चालू आहेत तोवर, उतरवून घ्याव्यात.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघाले, मुंबईचे १८९८ मध्ये. मराठी पुस्तके जमवून ठेवायची तर ती आपणच जमवली पाहिजेत, एवढे त्या मंडळींना कळत होते; सरकार किंवा छापखानदार ते काम करील म्हणून ती थांबली नाहीत. आपल्याजवळ त्यांच्याहून जागा कमी आहे, पण हार्ड डिस्कला ती कमीच लागते. आता सबब जागेची उरलेली नाही.